पीनट बटरची चॉकलेटं घरी करताना: नाशिककरांकडून वारंवार येणारे प्रश्न

घरी चॉकलेटं करून बघणाऱ्यांकडून हे प्रश्न सारखे येतात, म्हणून उत्तरं एकाच ठिकाणी मांडली आहेत. साहित्याबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. बिघडतं मात्र बहुतेक वेळा तापमानामुळे: खोलीचं, आतल्या गोळ्याचं आणि वितळलेल्या चॉकलेटचं. त्यामुळे घाईत असाल तर प्र. ९, ११ आणि १३ आधी वाचा.

१. हा पदार्थ नेमका काय? दाण्याच्या लाडवाला चॉकलेट लावलं की झालं का?

जवळपास तसंच, पण बांधणी वेगळी. आपल्या दाण्याच्या लाडवात कूट गुळाने बांधलं जातं. इथे भाजलेल्या दाण्यांचं गुळगुळीत बटर, थोडं लोणी आणि पिठीसाखर मळून मऊ गोळा करतात आणि तो चॉकलेटात बुडवतात. पाक नाही, त्यामुळे चिक्कीसारखं तारेचं टेन्शनही नाही. अमेरिकेच्या ओहायो राज्यात गोळ्याचा माथा उघडा ठेवून बाकीचा बुडवतात. तिथल्या बकआय नावाच्या झाडाचं तपकिरी बी, त्यावरच्या फिकट डागासकट, तसंच दिसतं. म्हणून त्या प्रकाराला 'बकआय' म्हणतात.

२. चाळीसेक नगांचं प्रमाण ग्रॅममध्ये द्याल का? वाटी-चमचा नको.

पीनट बटर २५० ग्रॅम, मऊ पडलेलं पिवळं खारं बटर ५० ग्रॅम, चाळलेली पिठीसाखर २०० ग्रॅम, व्हॅनिला अर्धा चमचा. बटर बिनमिठाचं असेल तर पाव चमचा मीठ घाला, ते टाळू नका. मीठ नसेल तर नुसता गोडाचा गोळा लागतो. एकूण ५०० ग्रॅम मिश्रण होतं आणि प्रत्येकी १२ ग्रॅमचे साधारण ४० गोळे वळले जातात, म्हणजे लहान लिंबापेक्षाही थोडे लहान.

चॉकलेट ३५० ग्रॅम घ्या. लागतं २४० ते २५० ग्रॅमच, पण भांड्यात खोली नसेल तर शेवटचे दहा-बारा गोळे नीट बुडत नाहीत. उरलेल्याचं काय करायचं ते प्र. २० मध्ये आहे.

३. दाणे कोणते घ्यायचे? आणि भाजायचे किती?

भुसार दुकानात घुंगरू, स्पॅनिश, जाडा अशी नावं ऐकू येतात. बटरसाठी स्पॅनिश घ्या. दाणा लहान, गोलसर आणि तेलाला जास्त, त्यामुळे मिक्सरवर लवकर सुटतो. जाडा दाणा दिसायला छान, पण त्याला वेळ लागतो. रविवार कारंजा-मेन रोडच्या बाजूला सुटे दाणे घेत असाल तर मूठभर हातात घेऊन बघा. सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशीचे किंवा चवीला कडू दाणे नकोत. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) असू शकतं आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. निवडून काढून टाकायचे, 'भाजल्यावर चालतील' म्हणून ठेवायचे नाहीत.

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं, सतत हलवत. ओव्हन असेल तर १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. एक दाणा फोडून बघा, आतून फिकट बदामी दिसला की उतरवा. कढईत ठेवले तर बाहेर काढेपर्यंत आणखी भाजले जातात, म्हणून लगेच ताटात पसरा. थोडे निवले की फडक्यात चोळून, सुपात पाखडून सालं काढा. सालं राहिली तर बटर तुरट लागतं.

४. मिक्सरमध्ये कूटच होतं, बटर होत नाही. थोडं पाणी घालू का?

पाणी अजिबात नको. पाण्याचे दोन चमचे पडले तरी दाण्याचं वाटण घट्ट होऊन बसतं आणि टिकतही नाही. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. ते बाहेर पडायला फक्त वेळ आणि थोडी ऊब लागते.

दाणे कोमट असतानाच घ्या. एका वेळी २५० ग्रॅम, ३० ते ४० सेकंद फिरवा, मिनिटभर थांबा, कडा खरवडून पुन्हा. आधी कूट होतं, मग ओलसर भुगा, मग एक गोळा भांड्यात गरगर फिरायला लागतो. बहुतेक जण इथेच हार मानतात. आणखी दोन-तीन फेऱ्यांत तो गोळा मोडतो आणि बटर वाहायला लागतं. थांबे धरून एकूण १२ ते १५ मिनिटं जातात. अगदीच अडलं तर एक चमचा शेंगदाणा तेल घाला. मिक्सर मध्येच बंद पडला तर मोटर तापलेली असते. बऱ्याच मिक्सरच्या तळाला लाल बटण असतं. अर्धा तास थांबून ते दाबा.

गूळ, मध, साखर यातलं काहीही या टप्प्यावर घालू नका.

५. विकतचं पीनट बटर चालेल?

चालेल. 'क्रीमी' घ्या, 'क्रंची' नको. दाण्याच्या कण्या बुडवताना कवचातून बाहेर डोकावतात. ज्यात घट्ट राहण्यासाठी हायड्रोजनेटेड फॅट घातलेलं असतं, त्याचे गोळे सगळ्यात सोपे वळतात. फक्त दाण्यांचं असेल तर वर तेल तरंगतं. ते ढवळून एकजीव करा किंवा वरचं दोन चमचे तेल काढून ठेवा, फोडणीला चालतं. विकतच्यात साखर आधीच असेल तर पिठीसाखर ३० ग्रॅमने कमी करा.

६. गोळा हाताला चिकटतो / वळताना फुटतो. काय कमी पडलं?

चिकटतो म्हणजे तेल जास्त आहे किंवा खोली गरम आहे. आधी मिश्रण २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून बघा. मगही चिकटलं तर एक-एक चमचा पिठीसाखर किंवा दूध पावडर घाला. घरच्या पीनट बटरला ३० ते ४० ग्रॅम जास्तीची लागतेच. फुटतो म्हणजे कोरडं झालं: एक चमचा मऊ बटर घालून मळा. दूध शिंपडायचा मोह होतो, पण ओलाव्याने टिकण्याचे दिवस कमी होतात.

बटरऐवजी साजूक तूप वापरायचं असेल तर ५० ग्रॅमच्या जागी ४० ग्रॅम. बटरमध्ये पाणीही असतं, तुपात नसतं. पण तुपाचे गोळे मार्च-एप्रिलनंतर फार लवकर मऊ पडतात.

७. साखर निम्मी केली तर? गूळ, खजूर किंवा शुगर-फ्री गोळी चालेल का?

इथे पिठीसाखर गोडीसोबत आकारही देते. ती निम्मी केली आणि तिच्या जागी काहीच घातलं नाही तर गोळा बसतो. उत्तम उपाय घरातलाच आहे: १२० ग्रॅम पिठीसाखर आणि ६० ते ८० ग्रॅम पंढरपुरी डाळ्याचं बारीक चाळलेलं पीठ. डाळं तेल शोषून घेतं, चवही दाण्याशी जुळते, आणि खाणाऱ्याला कळत नाही. दूध पावडरही चालते, पण ती स्वतः गोड असते.

गुळाची पावडर १५० ग्रॅमपर्यंत घाला. मात्र गूळ हवेतलं पाणी ओढतो, म्हणून पावसाळ्यात नको, आणि माथा उघडा ठेवायचा प्रकार नको. गोळा पूर्ण बुडवा. खजुराचे गोळे छान होतात, फक्त फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. शुगर-फ्री गोळ्यांनी गोडी येते, आकार येत नाही.

८. कंपाउंड घ्यायचं की खरं चॉकलेट? पाकिटावरून ओळखायचं कसं?

घटकांची यादी वाचा. त्यात फक्त कोको बटर असेल तर खरं चॉकलेट. हायड्रोजनेटेड किंवा पाम कर्नलसारखं वनस्पतिजन्य फॅट कोको बटरच्या जागी असेल तर कंपाउंड. कंपाउंड वितळवलं, बुडवलं, गोठलं, झालं. खऱ्याला टेंपरिंग, म्हणजे ठरावीक अंशांपर्यंत तापवून निववणं, लागतं (प्र. १०), पण तोंडात विरघळण्यात दोघांची तुलनाच नाही. पहिल्यांदा करत असाल, किंवा घरात एसी नसून एप्रिल-मे असेल, तर बिनधास्त कंपाउंड घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

दोन्ही एकत्र मात्र वितळवू नका. 'निम्मं-निम्मं घेतलं, म्हणजे चवही आणि सोयही' असा हिशोब पुष्कळ जण करतात. दोन वेगळी फॅट एकमेकांत मिसळली की कवच मऊ राहतं आणि काही दिवसांत पांढुरकं पडतं.

चॉकलेट चिप्स बुडवण्यासाठी घेऊ नका. भाजताना आकार टिकावा म्हणून त्या बनवलेल्या असतात, त्यामुळे वितळूनही जाडच राहतात.

९. वितळवताना चॉकलेटचं एकदम खरखरीत ढेकूळ झालं. वाचवता येईल?

बुडवण्यासाठी नाही. पाण्याचा थेंब किंवा वाफ गेली की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. त्यात गरम दूध चमचा-चमचा घालून ढवळलं तर सॉस होतो. केकवर, आइस्क्रीमवर घाला. बुडवायला दुसरं चॉकलेट घ्यावं लागेल.

हे टाळायचं असेल तर भांडं, चमचा, सुरी सगळं कोरडं. डबल बॉयलर करताना पाणी उकळलं की गॅस बंद करा, मग चॉकलेटचं भांडं वर ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला लागता कामा नये आणि वरचं भांडं खालच्यापेक्षा रुंद हवं, म्हणजे वाफ कडेने आत येत नाही. झाकण ठेवायचं नाही. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या पॉवरवर ३०-३० सेकंद, दर वेळी बाहेर काढून ढवळून. चॉकलेट आकार धरून ठेवतं आणि बाहेरून न वितळल्यासारखंच दिसतं, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका.

पाणी लागलेलं नसूनही घट्ट, दाणेदार आणि जळका वास येत असेल तर ते करपलं आहे. त्याला इलाज नाही.

१०. संगमरवरी ओटा नाही. टेंपरिंग कसं करू?

ओटा लागत नाही. ३५० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा, १०० ग्रॅम बाजूला काढा. उरलेलं २५० ग्रॅम ४५ ते ४८ अंशांपर्यंत वितळवा. भांडं खाली उतरवून बाजूचे तुकडे थोडे थोडे घालत सतत ढवळा. ३१ ते ३२ अंशांवर आलं की तयार. न विरघळलेले तुकडे काढून घ्या. मिल्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंतच तापवा आणि २९ ते ३० वर वापरा. व्हाइट २७ ते २८ वर. डिजिटल सुईचा थर्मामीटर घ्याच, अंदाजाने पाच-सहा अंशांची चूक सहज होते.

चाचणी: सुरीचं टोक बुडवून २० ते २२ अंशांच्या खोलीत ठेवा. पाच मिनिटांत चकचकीत गोठलं तर चालू करा. चिकट किंवा रेघारेघांचं दिसलं तर आणखी थोडे तुकडे घालून ढवळा.

आता नाशिकची खरी अडचण. मे महिन्यात दुपारी स्वयंपाकघरच ३४ अंशांवर असेल तर चॉकलेट ३१ वर कधीच येणार नाही, कितीही ढवळा. आणि डिसेंबरच्या सकाळी उलट होतं: भांडं पंधरा मिनिटांत घट्ट होतं आणि कवच जाड बसतं. थंडीत भांड्याखाली कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल ठेवा (भांडं बाहेरून पुसूनच ओता) किंवा हेअर ड्रायरची ऊब बाहेरून द्या, पण डार्क ३२ च्या वर जाऊ देऊ नका.

११. बुडवल्यावर कवचाला तडे जातात, कुठे कुठे तेल बाहेर येतं.

गोळा फार गार होता. फ्रिजमधला गोळा आक्रसलेला असतो. त्यावर कवच गोठतं, मग गोळा खोलीच्या उबेने फुगतो आणि कवच फोडतो. फ्रीझरमधून काढून थेट बुडवणाऱ्यांना हे हमखास भेटतं. क्रम असा ठेवा: वळलेले गोळे २० मिनिटं फ्रिजमध्ये, मग १० मिनिटं बाहेर, मग बुडवणं. हाताला गारसर पण बर्फासारखा नको. १८ ते २० अंश उत्तम. एका वेळी दहा-बाराच बाहेर काढा.

तेलाचा थेंब सुईएवढ्या भोकातून येतो. असं भोक बहुतेक वेळा टूथपिकचं असतं. टूथपिकने धरून बुडवलं असेल तर काढल्यावर ती जागा बोटाने चॉकलेट लावून बंद करा. बकआय प्रकारात माथा उघडाच असतो, तिथे बोटाने गोळा गुळगुळीत केला की पुरे.

१२. प्रत्येक चॉकलेटच्या बुडाशी थारोळं साचतं. चकतीवर बसवल्यासारखं दिसतं.

जास्तीचं चॉकलेट झटकलं जात नाही. काटाचमच्यावर गोळा उचलला की चमचा भांड्याच्या कडेवर चार-पाच वेळा आपटा, मग चमच्याचा तळ कडेला घासून पुसा, मगच बटर पेपरवर सरकवा. तरीही साचत असेल तर चॉकलेट फार गरम आणि पातळ आहे. कंपाउंड असेल तर ४० ते ४५ अंशांवर वापरा. जाड असेल तर १०० ग्रॅमला एक चमचा बिनवासाचं खोबरेल तेल (खायचं, अर्थात). त्याहून जास्त घातलं तर कवच बोटांवर वितळतं.

१३. नाशिकच्या उन्हाळ्यात करायचंच नाही का? पारा ४० ला टेकतो.

करायचं, पण पहाटे. सहाच्या आत गोळे वळून तयार, आठपर्यंत बुडवणं संपलेलं. त्याच खोलीत गॅस चालू ठेवू नका. वितळवायला मायक्रोवेव्ह वापरा. एसीच्या बेडरूममध्ये २० ते २२ अंशांवर टेबल मांडणं हा सगळ्यात सरळ मार्ग. गोळे मऊ राहू नयेत म्हणून मिश्रण मळताना ३० ग्रॅम वितळवलेलं चॉकलेट त्यात घाला, तेच जे बाहेर लावणार आहात. आणि फ्रिज गच्च भरलेला नको.

१४. दोन दिवसांनी वर पांढरी झाक आली. बुरशी आहे का?

बहुतेक वेळा नाही. कोरडं बोट हलकेच घासा. खरखरीत लागलं तर साखर वर आली आहे, म्हणजे ओल बसली (प्र. १५). तुपकट लागून बोटाच्या उबेने झाक गेली तर फॅट वर आलं आहे: टेंपरिंग चुकलं, ऊन लागलं, किंवा आतलं दाण्याचं तेल हळूहळू कवचात मुरलं. हे शेवटचं या पदार्थात कधी ना कधी होतंच, तेल सुटलेल्या घरच्या बटरने लवकर होतं. खायला दोन्ही चालतात. लव असलेले हिरवे-काळे ठिपके किंवा कुबट वास असेल तर फेका.

१५. फ्रिजमधून काढल्यावर दव साचतं.

पावसाळ्यात हमखास. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा बाहेर काढल्यावर तासभर उघडू नका. दव डब्याच्या बाहेरून येईल, चॉकलेटवर नाही. गोठवण्यासाठी फ्रिज वापरताना कंपाउंडला ५ ते १० मिनिटं पुरतात. तासन् तास उघडं ठेवू नका, कांद्या-लसणाचा वासही धरतं.

१६. टिकतात किती?

थंडीत घट्ट डब्यात बाहेर दोन आठवडे, फ्रिजमध्ये तीन ते चार आठवडे, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. फ्रीझरमधली आधी एक रात्र फ्रिजमध्ये, मग बाहेर. खजुराची वेगळी, प्र. ७ पाहा.

१७. परदेशी रेसिपीत 'एक स्टिक बटर', कप आणि चक्क मेण लिहिलंय.

स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम. त्यांच्या एका कपात पीनट बटर सुमारे २५० ग्रॅम, पिठीसाखर सुमारे १२० ग्रॅम. तिथल्या पिठीसाखरेत कॉर्नस्टार्च असतो. घरी दळत असाल तर १०० ग्रॅम साखरेला एक चमचा कॉर्नफ्लोअर घालून दळा, गुठळ्या होत नाहीत. मेण म्हणजे खाद्य पॅराफिन. चकाकी यावी, हातावर वितळू नये म्हणून जुन्या रेसिपींत घालत. ते सोडून द्या. देवघरातली मेणबत्ती किसून घालण्याचा विचार तर मनातही नको.

१८. उपवासाला चालतील का? दाणे तर चालतात.

दाणे चालतात, बाकीचं बघावं लागेल. पिठीसाखरेत कॉर्नफ्लोअर, चॉकलेटमध्ये सोया लेसिथिन, शिवाय डाळं घातलं असेल तर प्रश्नच मिटला. उपवासासाठी दाणे, साखर आणि तुपाचे गोळे चॉकलेटाविना ठेवा. चॉकलेटबद्दल घरातल्या मोठ्यांना विचारा. हा प्रश्न स्वयंपाकाचा नाही.

१९. आत द्राक्ष किंवा बेदाणा घालता येईल? हंगामात घरात पेट्या असतात.

बेदाणा जरूर. चिरून ६० ग्रॅम मिश्रणात घाला, भिजवू नका. ताजं द्राक्ष वेगळं प्रकरण आहे. देठाची जागा ओली राहते, रस सुटतो, पिठीसाखर विरघळते आणि गोळा आतून पातळ होतो. हौसच असेल तर द्राक्ष धुऊन, पुसून, दोन तास पंख्याखाली वाळवा, भोवती गोळ्याचा पातळ थर द्या, पूर्ण बुडवा आणि त्याच दिवशी संपवा. भेट द्यायला नको.

२०. उरलेलं चॉकलेट परत वापरता येतं?

गाळून. त्यात दाण्याचे कण आणि तेल गेलेलं असतं. बटर पेपरवर ओतून गोठवा, डब्यावर 'दाणे आहेत' असं लिहा, आणि पुढच्या खेपेला नव्या चॉकलेटात पाव भागापेक्षा जास्त मिसळू नका. नाहीतर भाजलेले दाणे आणि बेदाणे त्यात घोळवून चमच्याने खडे पाडा, पाच मिनिटांत उडतात.

२१. मुंबई-पुण्याला पाठवायची आहेत. पोहोचतील का?

थंडीत पोहोचतात. प्रत्येक नग कागदी वाटीत, वाट्या एकमेकींना टेकलेल्या, वर बटर पेपर, डबा हलवून आवाज येता कामा नये. मुंबईसाठी कंपाउंडच वापरा: कसारा घाट उतरला की हवा दमट होते. बर्फाची जेल पिशवी घातली तर डबा आधी प्लास्टिकमध्ये बंद करा. मार्च ते जूनमध्ये दिवसा पाठवू नका, रात्रीच्या गाडीने द्या.

२२. लहान मुलांना द्यावीत का? आणि राखी-दिवाळीला विकायची असतील तर?

दाण्याची ॲलर्जी गंभीर होऊ शकते, म्हणून दुसऱ्याच्या मुलाला देण्याआधी आई-वडिलांना विचारा. अगदी लहानांना अख्खा नग देऊ नका. पीनट बटर घशाला चिकटतं. घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर, चॉकलेट त्याला विषारी आहे.

विकायला सुरुवात करण्याआधी एफएसएसएआयकडे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे) नोंदणी करा, ती घरगुती उद्योगालाही लागते. डब्यावर घटक, वजन, तयार केल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि 'शेंगदाणे, दूध, सोया आहे' ही सूचना हवी. त्याच मिक्सरमध्ये काजू-बदामही वाटत असाल तर तेही लिहा.